मानेवरचा हात

“पुंजाराम, तू तिला शिकवतोय का ती तुला?” खंडेरावांनी फाटकावर कोपर टेकवून विचारलं.

पुंजाराम उपड्या घमेल्यावर बसून शेवंतीची फुलं ओवत होता. हे खरं तर त्याच्या बायकोचं काम. मालनबाई नाशिक रोडच्या बाजारात हार विकायची आणि हात रिकामे असले की पुंजाराम तिला ओवून द्यायचा. घोडी त्याच्या पाठीमागे, आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, भिंतीला अंग चिकटवून उभी होती. तो तिच्याकडे बघतही नव्हता.

“हळू बोला शेठ. कान इकडं केलाय तिनं.”

“कान घेऊन काय करू? मला पाठ पाहिजे. नवरदेव पाठीवर बसतो, कानावर नाही.”

पुंजाराम हसला, पण मान वळवली नाही. खंडेरावांचा बँड होता आणि वरातीच्या दोन घोड्या होत्या. ही तिसरी त्यांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली होती, पांढऱ्याशुभ्र रंगाला भुलून. आणल्यावर कळलं की ती माणसाला जवळ येऊ देत नाही. समोरून कोणी आलं की मागच्या पायांवर उभी राहायची, मागून आलं की लाथ झाडायची. पुढच्या दोन्ही पायांना दोरीचे जुने वळ होते, त्यावर केस उगवले नव्हते.

“तुळशीचं लग्न झालं की तिथी लागतात,” खंडेराव म्हणाले. “तोवर ही गुमान वरातीत चालली तर ठीक. नाहीतर कारभारीला निरोप धाडतो. तो नाचवेल तरी.”

“त्याच्याकडं नका देऊ.”

“मग ऊठ आणि काहीतरी कर.”

“करतोय की,” पुंजाराम म्हणाला आणि त्याने सुईत पुढचं फूल घेतलं.

खंडेराव वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त काम चाललेलं डोळ्यांना दिसावं लागे, आणि पुंजारामचं काम दिसण्यासारखं नव्हतं. त्यालाही ते कोणाला नीट समजावून सांगता येत नसे. ते तो बादलकडून शिकला होता.

बादल हा त्याच्या टांग्याचा घोडा. स्टेशनबाहेर टांग्यांची रांग लागायची त्या काळात बादलचे डोळे गेले. आधी एक, मग दुसरा. दुसऱ्या कोणी त्याला विकला असता. पुंजारामने विकला नाही, त्यात दयेइतकाच आळसही असेल. नवा घोडा जमवणं त्याच्याने झालं नसतं. मग आंधळ्या घोड्याला रस्ता सांगायचा कसा, हे तो शोधत बसला. खड्डा आला की तो श्वास रोखायचा, उतार आला की लांब सोडायचा. चाबूक त्याने टपाखाली खोचून ठेवला तो तिथेच वाळला. बादलचा एक कान कायम मागे, त्याच्याकडे असायचा. टांग्यात बसलेल्यांना घोडा आंधळा आहे हे कधी कळलं नाही. पुढे रिक्षा आल्या, टांगे एकेक करून गेले, बादलही गेला. पुंजाराम खंडेरावांकडे घोड्यांचं दाणापाणी बघायला लागला. आतापर्यंतच्या आयुष्यात आपल्याला एवढी एकच गोष्ट येते असं त्याला वाटायचं, आणि ती खरंच येते की त्या एका आंधळ्या घोड्याचीच ती हुशारी होती, याचीही खात्री नव्हती.

एका दुपारी हाराचं टोक मागून ओढलं गेलं.

त्याने वळून पाहिलं नाही. घोडी एकेक फूल तोडून खात होती, तिचा श्वास त्याच्या मानेवर येत होता. सगळा हार संपला तेव्हा तो हळूच उठला आणि तिच्यापासून लांब निघून गेला. ती जागची हलली नाही. मग दोन पावलं त्याच्या मागे आली.

“माझे हार घोडीला चारा तुम्ही,” मालनबाई रात्री म्हणाली. “मी बाजारात काय गवत मांडून बसू?”

“आली ती जवळ, मालन.”

“आली, तर तिला घेऊन या घरी. नाव काय ठेवलंय सवतीचं?”

“शेवंती,” पुंजाराम म्हणाला. हे त्याला त्याच क्षणी सुचलं होतं.

मग दिवस भराभर गेले. ती जवळ यायची, तो बाजूला व्हायचा. तो बाजूला झाला की ती आणखी जवळ यायची. एक दिवस त्याने तिच्या मानेवर डावीकडून हात ठेवला, आयाळीच्या जरा खाली. ती थरथरली. त्याने हात दाबला नाही, काढलाही नाही. “हाय मी,” एवढंच म्हणाला. थरथर थांबली तेव्हा हात काढला, आणि ती मोकळी झाल्यासारखी चालायला लागली.

तोच मग त्यांच्यातला बोलण्याचा मार्ग झाला. पत्र्याचा डबा वाजला, लवंगी फुटली, बँडवाल्या पोरांनी मुद्दाम कानाशी ताशा बडवला, की ती उधळायला बघायची. पुंजाराम जाऊन मानेवर हात ठेवायचा. हाताचा अर्थ होता: थांब, हे तुला लागणार नाही. हात निघाला की अर्थ: झालं, आता जा. आणि तिला खरंच कधी काही लागलं नाही. हळूहळू असं झालं की भीती वाटली की ती पळण्याऐवजी थांबायची आणि डावीकडे कान वळवून त्याचा हात शोधायची.

पण या हाताबद्दल पुंजारामचा एक हट्ट होता. नाल ठोकायला नालबंद आला किंवा डॉक्टर सुई घेऊन आले, की तो लांब जाऊन उभा राहायचा. ती धडपडायची, दोघंतिघं तिला धरायचे.

“अरे, येऊन हात ठेव ना,” नालबंद दात खात म्हणायचा. “तुझं ऐकते म्हणे ती.”

“टोचणार हाय ना तुम्ही?”

“मग?”

“मग कसा ठेवू? खोटं हुईल ते.”

नालबंदाने हे चहाच्या टपरीवर सांगितलं आणि पुढे कित्येक दिवस कोणी पुंजारामच्या खांद्यावर हात ठेवला की बाकीचे विचारायचे, “खरं का खोटं रे हे?” तोही हसायचा.

तुळशीच्या लग्नाआधी कारभारी आला. सटाण्याकडचा हा उंच, हडकुळा माणूस घोडे नाचवायला शिकवायचा. त्याची रीत सगळ्यांना माहीत होती. पुढचे पाय दोरीने खुंट्यांना बांधायचे, ढोल वाजवायचा आणि ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला पायाच्या नळीवर छडी मारायची. पुढे छडी लागत नाही. ढोल वाजला की घोडा आपोआप पाय उचलतो आणि लोक टाळ्या वाजवतात.

शेवंती त्याला लांबूनच पाहून भिंतीशी गेली. पुंजाराम तिच्याजवळ गेला, मानेवर हात ठेवून काहीतरी पुटपुटला. कारभारी बराच वेळ बघत उभा राहिला.

“ती घोडी शे पुंजाराम,” तो शेवटी म्हणाला. “तुन्ही आंडेर नई शे.”

आंडेर म्हणजे मुलगी. पुंजाराम-मालनबाईंना मूल नव्हतं हे कारभारीला ठाऊक नसावं.

त्या हंगामातल्या पहिल्याच वरातीत शेवंती ढोल, ताशे, फटाके यांतून अशी चालली की खंडेराव स्वतः शेवटपर्यंत बरोबर चालत आले आणि घरी जाताना कारभारीबद्दल काही बोलले नाहीत. पुढच्या हंगामात तर लोक येऊन “ती गरीब घोडी पाहिजे” असं सांगू लागले. भित्र्या नवरदेवांचे बाप तिच्यासाठी तारीख धरून ठेवत. खंडेराव एकदा सहज बोलल्यासारखं म्हणाले, “बाकीच्या दोघींचेही काटेरी लगाम काढून बघावेत का रे? तू म्हणत असशील तर.” पुंजारामला त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. माणसाचं म्हणणं आयुष्यात एकदा तरी कोणीतरी ऐकून घ्यावं, असं त्याला वाटत आलं असणार. ते आता ऐकलं गेलं होतं.

ती वरात उन्हाळ्यातली होती. मुहूर्त गोरज होता, जेल रोडच्या बाजूला एक लॉन्स होतं, आणि नवरदेव मारुतीचं दर्शन घेऊन तिकडे निघाला होता. पुढे टेम्पोवर डीजे होता. बँड आता कोणाला नको असायचा, खंडेरावांचे बँडवाले नुसतेच बँडचे कपडे घालून मागे चालत होते. शेवंतीच्या अंगावर नवी झूल होती, चमकीची, नायलॉनची, पार गुडघ्यापर्यंत लोंबणारी. ती सळसळायची. तिची भीती घालवायला पुंजारामने त्या आठवड्यात रोज ती तिच्या अंगावर टाकून काढली होती. आता झूल कितीही सळसळली तरी ती लक्ष देत नव्हती.

चौकात मित्रमंडळी नाचायला थांबली. कोणीतरी रस्त्याच्या कडेला भुईनळे मांडले. पुंजाराम नेहमीसारखा डावीकडे होता, तोंड तिच्याकडे. उजवीकडे पांढऱ्या ठिणग्यांचं झाड उभं राहिलं, आणि मग ते कोणाच्या तरी पायाने कलंडलं.

शेवंती थबकली. डावा कान त्याच्याकडे वळला.

त्याने मानेवर हात ठेवला. “हाय मी. हाय.”

ती थरथरत होती. डीजेने रस्ता हादरत होता, त्यामुळे थरथरत असेल असं त्याला वाटलं. “आता पुढं जातील ते,” तो तिला म्हणाला. नेहमी या वेळेपर्यंत थरथर कमी व्हायला लागायची. या वेळी ती वाढत होती. तिचा डोळा त्याच्यावर होता, मोठा झालेला, आणि त्यात ठिणग्या दिसत होत्या. त्याने हात जरा जास्त दाबला.

“काय शांत घोडी आहे हो,” बाजूची एक बाई दुसरीला म्हणाली. “आमच्याकडच्या वेळेला केवढी उधळली होती.”

जळक्या केसांचा वास आला. फटाक्यांचा असेल. पुंजाराम बघत होता तो फक्त तिच्या डोळ्याकडे, आणि ती त्याच्याकडे बघत होती, आणि जागची हलत नव्हती.

मग नवरदेव ओरडला आणि डावीकडे पुंजारामच्या अंगावरच कोसळला. तो उडी टाकताना झूल वर उचलली गेली, आणि पलीकडची सगळी बाजू पेटलेली दिसली. नायलॉन वितळून तिच्या अंगाला चिकटत खाली गळत होतं.

नवरदेवाच्या धक्क्याने पुंजारामचा हात मानेवरून निघाला.

हात निघाल्यावर ती पळाली.

लॉन्सच्या फाटकाशी ती पडली तेव्हा माळ्याने नळी आणून पाणी मारलं. माणसांपैकी कोणाला काही झालं नाही. नवरदेवाच्या शेरवानीची बाही तेवढी काळी पडली होती. त्याला कोणाच्या तरी इंडिका गाडीत बसवून आत नेलं, आणि थोड्या वेळाने मंगलाष्टकं ऐकू यायला लागली.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या प्रतिभा मॅडम रोज सकाळी येत. पाठीपासून पोटापर्यंत उजवी बाजू जळून गेली होती. त्या एकेक चिंधी सोडवत, धूत, मलम लावत. शेवंती उभी राहून सगळं करून घ्यायची. कधी अंग आक्रसायचं, मग मान लांब करून ती डावीकडे काहीतरी हुंगत राहायची.

पुंजाराम भिंतीशी उभा असायचा.

“आवो, ती तुम्हाला शोधतीये,” मालनबाई म्हणाली. बाजार सोडून ती आता इथेच बसायची, माशा वारत. “जा ना जवळ. ठेवा हात.”

“मॅडम धुतायत ना. दुखतंय तिला.”

“धुऊन झाल्यावर ठेवा.”

“तवाही दुखतंच.”

“रात्री?”

आता एकही वेळ अशी नव्हती की हात ठेवावा आणि ते खरं असावं.

“म्या ठेवते मग,” मालनबाई उठली. तिने जाऊन मानेवर हात ठेवला, कुरवाळलंसुद्धा. शेवंतीने ते करून घेतलं, पण कान तिच्याकडे वळवला नाही. मालनबाई परत येऊन बसली. “एवढा कसला तुमचा हट्ट,” ती म्हणाली. “मुकं जनावर. त्याला काय खरं न् काय खोटं. तेवढाच आधार तिला.”

“त्या दिवशी तेच केलं म्या,” पुंजाराम म्हणाला. “आधार दिला.”

खंडेराव येऊन जायचे. ते रागावले नव्हते, आणि तेच पुंजारामला सहन होत नव्हतं. एकदा दाण्याच्या पोत्यावर बसून ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “दुसरी कोणतीही असती तर पहिल्या ठिणगीलाच उधळली असती. दोनचार जणांना तुडवलं असतं, नवरदेव पाडला असता. मला शिव्या बसल्या असत्या. पण झूल तिथंच गळून पडली असती रे.”

“व्हय शेठ.”

“तुला बोलत नाही मी.”

“व्हय.”

बाकीच्या दोघींच्या लगामाचा विषय त्यांनी काढला नाही. पुंजारामनेच एका सकाळी ते खुंटीवरून काढले, चिंचेने घासून लख्ख केले आणि पुन्हा तिथेच टांगले. काटे तसेच होते.

कारभारी आला तो दुपारचा. कोणी बोलावलं नव्हतं, त्याला कुठून तरी कळलं असावं. त्याने घोडीला चारी बाजूंनी पाहिलं, मग पुंजारामशेजारी उकिडवा बसला. तंबाखू मळली, अर्धी पुंजारामला दिली. आता हा काहीतरी टोचून बोलेल म्हणून मालनबाई पदर खोचून तयारच होती.

“मन्हा घोडा कोन्हावर इसवास ठेवत नई,” कारभारी म्हणाला. “मन्हावर बी नई.” थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, “म्हनीसन वाचतस.”

म्हणून वाचतात, एवढंच त्याला म्हणायचं होतं; त्यात फुशारकी नव्हती. जाताना त्याने पुंजारामकडे पाहिलं नाही, घोडीकडेही नाही.

शेवंती एका पहाटे बसली ती उठली नाही. मॅडम आल्या, बराच वेळ नाडी, डोळे बघत राहिल्या, जखमेवरचं कापड उचलून पुन्हा ठेवलं. मग हात धुऊन त्या पुंजारामकडे आल्या. खंडेरावांकडे नाही, हे खंडेरावांच्या लक्षात आलं आणि ते दोन पावलं मागे सरकले.

“पुंजारामकाका, आता आपण फक्त तिचं दुखणं लांबवतोय.”

“व्हय.”

“तिला मोकळं करायला हवं. तुमची तयारी असेल तर आज.”

“सुई?”

“दोन द्याव्या लागतात. पहिली गुंगीची. पण ती हलता कामा नये, शिरेत द्यायचीय. तुम्ही मानेशी बसा ना. तुमच्या हाताने ती शांत राहते म्हणतात सगळे.”

पुंजाराम जमिनीकडे बघत उभा राहिला. “दोरी बांधा,” तो म्हणाला.

“काय?”

“पायांना दोरी बांधा मॅडम. पुढच्या. म्या नाय हात ठेवणार.”

मॅडमना काही कळलं नाही. खंडेरावांना कळलं. ही घोडी आल्यापासून तिच्या पायांना दोरी लावायची नाही असं ज्याने बजावलं होतं, त्याच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि ते दोरी आणायला गेले. बांधलीही त्यांनीच. जुन्या वळांवर दोरी बसली तेव्हा शेवंतीने डोकं उचललं, इकडेतिकडे पाहिलं, आणि डावा कान भिंतीच्या दिशेला वळवला. पुंजाराम भिंतीशी होता. त्याने तोंड फिरवलं.

“मॅडम,” तो भिंतीकडे बघतच म्हणाला, “गुंगी आली की मग दुखत नाय ना?”

“नाही. मग काहीच जाणवत नाही.”

“अजिबात नाय?”

“अजिबात नाही, काका.”

“मग तशी झाली की सांगा मला.”

सुई जाताना त्याला आवाज ऐकू आला नाही. आवाज नव्हताच. मालनबाई नाकाने श्वास ओढत होती आणि बाहेरच्या रस्त्यावरून एक रिक्षा गेली.

“या काका,” मॅडम म्हणाल्या.

तो लगबगीने गेला, गुडघ्यांवर बसला आणि त्याने तिच्या मानेवर हात ठेवला, आयाळीच्या जरा खाली, नेहमीच्या जागी. “हाय मी,” तो म्हणाला. “हाय.” कान जसा होता तसाच राहिला. त्याने पुन्हा म्हणून पाहिलं, जरा मोठ्याने. तिचा डोळा उघडा होता, पण तो त्याच्याकडे नव्हता. हाताखाली थरथर नव्हती. खरं बोलायला तो आला होता, आणि ऐकायला कोणी नव्हतं.

मॅडमनी दुसरी सुई दिली. थोड्या वेळाने त्यांनी नळी कानाला लावली, काढली, आणि खंडेरावांकडे पाहून मान हलवली.

खंडेराव पायांशी वाकून दोरी सोडायला लागले. गाठ सैलच होती. तिने एकदाही पाय ओढले नव्हते.

“आवो,” मालनबाई त्याच्या मागे येऊन उभी राहिली. “उठा आता. गेली ती.”

“नाय,” पुंजाराम म्हणाला. “म्या हात काढलेला नाय अजून.”

मालनबाईने बाजूला पडलेलं घमेलं आणून उपडं ठेवलं आणि ती त्याच्याशेजारी बसली. ऊन भिंतीवरून खाली उतरत घोडीच्या पाठीपर्यंत आलं, तेव्हा तिने पदर सोडून तो सावलीसाठी त्या बाजूने धरला.